झुकतं माप

अडतीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात मापाडी होतो.
राजापुरी, सेलम, हळकुंड, गठ्ठा —
रात्री अंघोळ करूनही उशी पिवळी व्हायची
आणि सुलभा म्हणायची, तुम्ही रोजचेच नवरदेव.

अंगठा मात्र कुणाला दिसला नाही.
दांडीच्या टोकाशी, दोरीच्या आडोशाला,
पोत्यामागं दीड किलो.

दीड किलो म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.
धाकटी जन्मली तेव्हा एवढीच भरली,
मिरजेच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत.
त्या दीड किलोसाठी नऊ रात्री मी गुडघ्यांवर होतो.
दहाव्या दिवशी ती रडली.
अकराव्या दिवशी मी कामावर गेलो
आणि अंगठा जागेवर ठेवला.

मग तपासणी आली. हळद कुठं जाते, विचारलं.
मी दस्तगीर नदाफकडं बोट केलं.
त्याचा पितळी बिल्ला काढून घेतला, सदरा फाटला खिशाशी.
जाताना त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही,
अंगठ्याकडं पाहिलं.

पाळकसाहेब त्या रविवारी शेवटच्या दिवसावर बोलले.
उजवीकडं मेंढरं, डावीकडं शेरडं.
मी हिशेबाचा माणूस,
मनातल्या मनात पोती मोजत बसलो,
आणि प्रभुभोजनाची ताटली आली तशी पुढं सरकवली.
दात दुखतोय का, सुलभानं हळूच विचारलं.
हो म्हणालो.
तो दात सात वर्षं दुखला.

माझा बाप हरिपूरला पेवात उतरायचा.
सांगायचा, पेव उघडलं की लगेच उडी घेऊ नये रे.
आत कोंडलेला वारा माणूस खातो.
आधी झाकण काढून रात्रभर ठेवावं,
मग दोरीला कंदील बांधून सोडावा.
कंदील विझला, तर खाली मरण आहे.

एका रात्री मी नुसतं झाकण सरकवलं.
बोललो काहीच नाही.
दुसऱ्या रात्री नाव घेतलं, दस्तगीर.
मला वाटायचं, न्याय म्हणजे आभाळात टांगलेला मोठा काटा,
आपण एका पारड्यात, नागडे.
असेलही.
पण त्या रात्री कुणीतरी काठावर वाकून
दोरी सोडत होतं, हात हात,
मी खालून पाहत होतो,
आणि कंदील विझेना.

पाकीट घेऊन आयर्विन पूल ओलांडला.
सांगलीवाडीत घर सापडलं.
दस्तगीरला जाऊन तीन वर्षं झालेली.
जैनाबी दारात शेंगांची पाटी घेऊन बसलेली.
मी उभ्यानं सगळं सांगितलं.
ती ऐकत राहिली, माश्या हाकलत राहिली.
मग म्हणाली, मेल्यावर सांगताय?
शेवटपर्यंत बिल्ला मागत होते ते,
उशीखाली हात घालून शोधायचे.

मी मान खाली घातली. माफ कर म्हणायचं होतं,
तोंडात शब्द होता, तिथंच राहिला.
पाकीट तिनं घेतलं, मोजलं,
पुन्हा एकदा मोजलं.
मापाड्यावर विश्वास नाही, म्हणाली.

पाय निघेना, म्हणून म्हणालो,
पावशेर शेंगा द्या.
तिनं तागडी उचलली.
जन्माची खोड, मी तिचा अंगठा पाहिला.
तो कुठंच टेकला नव्हता.
दांडी सरळ झाली, थांबली.
इतकी सरळ दांडी मी यार्डात कधी पाहिली नाही.
पटलं मला. एवढंच माझं.

मग तिनं आणखी एक मूठ टाकली.
पारडं खाली गेलं.
घ्या, म्हणाली, माझ्याकडं न बघता. नातवंडं असतील.

आहेत, म्हणालो. दोन.
दीड किलोच्या लेकीची.

येत्या रविवारी ताटली येईल.
अंगठा अजून पिवळाच आहे.